शेवटचं ऐकू आलं तेव्हा

घोडेगावच्या पेठेत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. पाटी जुनीच ठेवलीय, पण रेडिओ आता दुरुस्तीला येत नाहीत आणि टीव्हीचं पॅनल गेलं की लोक नवाच घेतात. पोट चालतं ते इन्व्हर्टर, मिक्सर आणि शेतावरच्या मोटारींच्या स्टार्टरवर. दुकानाच्या गच्चीवर जो अँटेना उभा आहे, त्याचा मात्र या धंद्याशी काही संबंध नाही. तो एक रुपया मिळवून देत नाही, आणि नियमानेच देऊ शकत नाही. नवं गिऱ्हाईक वर बघून विचारतं, "हे कुठल्या कंपनीचं?" जुन्या गिऱ्हाइकांनी परस्पर ठरवून टाकलंय की मी पोलिसांच्या वायरलेसचा माणूस आहे. तो गैरसमज मी फारसा खोडत नाही. उधारी वेळेवर येते.

मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक. केंद्राच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यायची, पोलीस पडताळणी व्हायची, मग परवाना आणि स्वतःचं एक सांकेतिक नाव मिळतं. आपल्याकडे ते 'व्हीयू'ने सुरू होतं. माझं व्हीयू३वालं, म्हणजे खालच्या श्रेणीचं. पडताळणीला आलेल्या हवालदारांनी विचारलं होतं, "वायरलेस घेऊन करणार काय?" म्हटलं, "बोलणार." "कोणाशी?" "जो ऐकेल त्याच्याशी." त्यांनी चहा घेतला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेले. परवाना आला, म्हणजे बरंच लिहिलं असावं.

बोलण्याचं वेड पहिल्या वर्ष-दोन वर्षांत ओसरलं. उरलं ते एपीआरएस. गाडीत किंवा पाठपिशवीत एक छोटा सेट असतो, त्याला जीपीएस जोडलेलं. दर थोड्या वेळाने तो आपलं ठिकाण हवेत सोडतो. कानाला ती जेमतेम सेकंदभराची खरखर वाटते, पण तिच्यात १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन स्वर सेकंदाला १२०० बिटांच्या वेगाने आलटून पालटून वाजत असतात. गच्चीवरचा अँटेना ती खरखर पकडतो, खाली काउंटरमागच्या फळीवर ठेवलेला तळहाताएवढा रास्पबेरी पाय संगणक तिचा अर्थ लावतो आणि इंटरनेटवर ढकलतो. मग फिनलंडच्या हेइक्की हन्निकाइनेन या हॅमने उभ्या केलेल्या एपीआरएस डॉट एफआय या नकाशावर आंबेगाव तालुक्यात एक ठिपका उमटतो. हवेतून ऐकायचं आणि जाळ्यावर सोडायचं, एवढं काम करणाऱ्या माझ्यासारख्या ठाण्याला आय-गेट म्हणतात.

एका खरखरीत किती मावतं, तर पाठवणाऱ्याचं सांकेतिक नाव, निरोप कोणाकोणामार्फत पुढे जावा त्याची वाट, आणि ठिकाण. अक्षांश आठ अक्षरांत बसवलेले असतात: दोन आकडे अंशांचे, दोन मिनिटांचे, मग टिंब, मग मिनिटाचे शतांश आणि शेवटी उत्तर की दक्षिण ते सांगणारं एक अक्षर. घोडेगाव साधारण १९ अंश २ मिनिटं उत्तर आणि ७३ अंश ५० मिनिटं पूर्व. मिनिटाचा शतांश म्हणजे जमिनीवर साडेअठरा मीटर. इतक्यात दुकान सापडतं, दुकानातला माणूस शोधावा लागतो. नावापुढे एक आकडाही असतो: ९ असेल तर गाडी, ७ असेल तर हातातला सेट, १० असेल तर आय-गेट. हा रिवाज आहे, कायदा नाही, पण जगभर पाळला जातो.

ही सगळी रचना बॉब ब्रुनिंगा या अमेरिकन हॅमची. ते तिकडच्या नौदल अकादमीत अभियंता होते. १९८४ साली त्यांनी व्हिक-२० नावाच्या घरगुती संगणकावर एक प्रोग्रॅम चालवला तो शंभर मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीसाठी, कुठला घोडा कुठवर आला हे कळावं म्हणून. एपीआरएस हे नाव नंतरचं, १९९२चं. २०२२च्या फेब्रुवारीत ते गेले. आयुष्यभर ते एकच गोष्ट कुरकुरत सांगत राहिले: ही गाड्या शोधायची यंत्रणा नव्हे, आसपासच्या सगळ्यांना आत्ता काय चाललंय ते कळावं म्हणून केलेली सोय आहे. नकाशा आला आणि लोक ठिपक्यांतच अडकले. मला हे पटायला घोडेगावचे डोंगर लागले.

आधी अँटेनाचं सांगतो, कारण त्यात माझा हात बसलेला आहे. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा आपल्याकडे हॅमना दिलेला पट्टा. तिथे तरंगलांबी दोन मीटरच्या जरा वर, तिचा चौथा हिस्सा अर्धा मीटर. वेल्डिंगवाल्याकडून पितळी सळया आणल्या आणि अर्ध्या अर्ध्या मीटरचे पाच तुकडे केले. एक तुकडा सॉकेटच्या मधल्या टोकाला सोल्डर करून सरळ उभा केला. बाकीचे चार सॉकेटच्या चार कोपऱ्यांतल्या भोकांत नटबोल्टने आवळले आणि बाहेरच्या बाजूला खाली झुकवले. आडवे ठेवले तर जुळणी नीट होत नाही. पंचेचाळीस अंशांत झुकवले की अँटेनाचा रोध ५० ओहमच्या जवळ येतो, म्हणजे केबलशी जमतो. खरी परीक्षा जूनमध्ये. पाणी सॉकेटमधून केबलच्या जाळीत शिरतं आणि आतल्या आत हिरवं करतं. साध्या काळ्या टेपने ते थांबत नाही. आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी लागते, आणि केबल दुकानात शिरण्याआधी तिला खाली झोल द्यावा लागतो, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडतात. पाण्यावर उपाय आहे, वानरांवर नाही. गच्चीवर टोळी आली की एक तरी सळई वाकवून जाते. पक्कड मी जिन्यातच टांगून ठेवलीय.

आय-गेट सुरू झाल्यावर पहिली हौस अर्थातच आपला आवाज कुठवर ऐकू येतो ते बघायची. मंचरचे एक निवृत्त बँकवाले मित्र, तेही हॅम. त्यांची गाडी, माझा सेट, पाच वॅट. निघालो भीमाशंकरच्या रस्त्याने. शिनोलीपर्यंत एकही निरोप चुकला नाही. डिंभ्याला धरणाच्या कुशीत शिरलो आणि ठिपके विरळ झाले. पोखरीचा घाट चढू लागलो तशी वेगळीच गंमत. सेटमध्ये अशी सोय असते की गाडी वळली की तो लगेच निरोप सोडतो, म्हणजे नकाशावर वळण नीट उमटतं. शहरात ठीक आहे. पोखरीच्या घाटात वळणाशिवाय आहे काय? सेट थांबेचना. हवेतली ही वाट सगळ्यांची एकच असते. एकाने सतत बडबड केली की दुसऱ्याचा निरोप चिरडला जातो, आणि ठिकाणाच्या निरोपाला पोच नसते, त्यामुळे चिरडला गेल्याचं पाठवणाऱ्याला कळतही नाही. तिथेच गाडी बाजूला घेऊन वळणाचा कोन वाढवून टाकला.

घाटमाथ्यावर पुन्हा लख्ख. तळेघरकडे जाताना कधी लागे, कधी नाही. निगडाळ्याच्या पुढे झाडी आणि उतार सुरू झाले की जवळजवळ बंद. दुसऱ्या खेपेला धरणाच्या पाण्याच्या कडेने फुलवडे, बोरघर, अडिवरे असे गेलो. तिथे फार काळ मोजायचं कामच पडलं नाही. असाणे आणि माळीणच्या बाजूला माझ्या गच्चीला एक अक्षर ऐकू येत नाही. सरळ रेषेत अंतर वीसेक किलोमीटर.

याच गच्चीला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ऐकू येतं. तिथे हॅमसाठी १४५.८२५ मेगाहर्ट्झवर एक यंत्र बसवलेलं आहे. खालून आलेला निरोप ते पुन्हा खाली सोडतं. स्थानक चारशे किलोमीटर उंचीवरून जातं, डोक्यावर आलं की दहा मिनिटांचा खेळ. सेट त्या फ्रिक्वेन्सीवर लावून ठेवायचा, वरून कुठल्या कुठल्या देशांतल्या हॅमचे निरोप येताना बघायचे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी केलेला 'स्वयम्' हा एक किलोचा उपग्रह २०१६च्या जूनमध्ये पीएसएलव्हीवरून गेला, तोही हॅमचे निरोप साठवून पुढे देण्यासाठीच. म्हणजे आकाशाशी आमचं बरं जमतं. मधे डोंगर नसला की पाच वॅट चारशे किलोमीटर जातात, डोंगर असला की वीस जात नाहीत. हे पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. असाण्याच्या रस्त्यावर उभं राहून ते पोटात गेलं.

माळीणचं नाव आलं की इथला माणूस जरा थांबतो. ३० जुलै २०१४ला सकाळी गावावर डोंगर आला. दीडशेहून अधिक माणसं गेली. बाहेरच्या जगाला पहिली बातमी दिली ती एसटीच्या चालकाने: नेहमीच्या रस्त्याने गाडी घेऊन गेला, तर तिथे गाव दिसेना. त्या आठवड्यात माझ्या दुकानात टॉर्च, फोन आणि बॅटऱ्या चार्ज करायला रांग लागलेली होती, आणि तिकडून आलेला प्रत्येक जण वेगळं काहीतरी सांगत होता. रेडिओचं माझ्या डोक्यात शिरलं ते तेव्हापासून. पण एक स्पष्ट सांगतो, कारण हॅम मंडळी या बाबतीत फार चढवून बोलतात. आमच्या सेटने माळीणचं एकही माणूस वाचलं नसतं. चिखलाखाली गेलेल्याच्या खिशात सेट असता तरी उपयोग नव्हता. रेडिओचं काम त्यानंतरचं: रस्ता कुठे तुटलाय, कुठली गाडी कुठे अडकलीय, डॉक्टर कुठवर पोचले. २००४च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे हॅम सोबती वेगळ्याच मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होते. फोन बंद पडल्यावर त्यांच्या सेटवरून अंदमानचे निरोप मुख्य भूमीवर गेले. तिथे सेट होता आणि चालवणारा होता. माळीणच्या खोऱ्यात दोन्ही गोष्टी नाहीत.

आता जाळ्याची दुसरी बाजू. जुलैत आमच्याकडे काय होतं? आधी वीज जाते. मग कुठेतरी झाड पडून किंवा रस्त्याचं काम करणाऱ्याचा जेसीबी लागून इंटरनेटची केबल तुटते. टॉवरचं डिझेल संपलं की मोबाइलही जातो. म्हणजे ज्या दिवशी ठिपक्याची खरी गरज, त्या दिवशी माझा आय-गेट बहिरा नसतो, मुका होतो. ऐकत राहतो, पुढे सांगता येत नाही. फिनलंडच्या नकाशावर आंबेगाव तालुका कोरा, आणि पुण्यात बसलेला माणूस समजतो की घोडेगाव बंद पडलं. वास्तविक निरोप माझ्या काउंटरवर येत असतात.

म्हणून मी दुकानात १२ व्होल्टची इन्व्हर्टरची बॅटरी या कामासाठीच राखून ठेवलीय, आणि लॅपटॉपवर आंबेगाव तालुक्याचा नकाशा आधीच उतरवून घेतलाय. निरोपाचा अर्थ लावणारा डायरवुल्फ हा प्रोग्रॅम फुकट मिळतो, त्याला इंटरनेट लागत नाही. ऐकलेलं तो लॅपटॉपला देतो, ठिपका इथल्या इथे पडतो. सुरुवातीला मला वाटे की आय-गेट म्हणजे मुख्य आणि बाकीचं सोबतीचं. आता उलटं वाटतं. जग बघतंय हे छान आहे, पण पोखरीच्या घाटात अडकलेल्या जीपला फिनलंडमधून कोणी दोर टाकणार नाही. घोडेगावात कोणीतरी बघत बसलेलं हवं.

आमच्या घरात या नकाशावर एक कायमचं भांडण आहे. एकदा बायको म्हणाली, "अहो, साऱ्या दुनियेला कळतं तुम्ही कुठे आहात. मला फोन करायला काय होतं?" यावर हॅम लोकांकडे उत्तर नाही.

भांडण हसण्यावारी जातं, पण नकाशावर विसंबणारी माणसं बघितली की मला धास्ती वाटते. एका पावसाळ्यात पुण्याची काही मुलं आहुप्याहून जंगलातून भीमाशंकरला निघाली. त्यांच्यातला एक हॅम, पाठीवर सेट. घरच्यांना त्याने नकाशाचा दुवा देऊन ठेवलेला, आणि वाटेतलं ठाणं म्हणून माझा नंबर. दुपारी त्याच्या आईचा फोन. आवाज कापत होता. "दादा, दीड तास झाला, पोरगा कोंढवळच्या अलीकडे एकाच जागी आहे. पडला तर नसेल?" मी म्हटलं, "ताई, तो तिथे आहे असं नकाशा म्हणत नाही. तिथून शेवटचं ऐकू आलं, एवढंच म्हणतोय." त्यांना ते पटेना, आणि का पटावं? पडद्यावर ठिपका स्थिर असतो, त्याच्यावर मुलाचं नाव असतं. ठिपक्यावर बोट ठेवलं की कळतं किती वेळापूर्वीचा, पण आईचं बोट तिथे जात नाही. मी त्यांना म्हटलं, पुढची सोंड ओलांडली की ऐकू यायला हवं, साडेचारपर्यंत वाट बघा, नाही आलं तर मी स्वतः तळेघरला निघतो. सव्वाचारच्या सुमारास स्पीकर खरखरला. दोन निरोप एकापाठोपाठ, ठिपका उडी मारून पुढे. त्या माउलीने फोनवर काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

त्या दिवसानंतर मी एक वही केली. कुठून ऐकू येतं याचे नकाशे सगळेच काढतात. माझ्या वहीत कुठून ऐकू येत नाही ते आहे. अमुक वळणापासून तमुक ओढ्यापर्यंत शांतता, चालत गेल्यास पाऊण तास. पावसाळ्यात झाडी भिजली की शांततेचा पट्टा थोडा वाढतो, तेही. कोणी निघताना फोन केला की आधी वही उघडतो आणि वेळा ठरवतो: या वेळेला इथून ऐकू यायला हवं, मधे ऐकू आलं नाही तर काळजी करायची नाही, आणि या वेळेनंतरही आलं नाही तर मात्र करायची. यंत्राने जे सांगितलं नाही त्याचा अर्थ लावायला आधी हे ठरलेलं असावं लागतं. अनोळखी ठिकाणी अनोळखी माणसाचा थांबलेला ठिपका बघून कोणीही काहीही ठरवू नये, असं माझं ठाम मत झालंय.

निरोपही पाठवता येतो, नुसतं ठिकाण नाही. एका निरोपाची मर्यादा ६७ अक्षरं. ही मर्यादा इंग्रजी अक्षरांना धरून केलेली. आपलं देवनागरीतलं एकेक अक्षर, काना, मात्रा, संगणकाच्या हिशेबाने तीन-तीन जागा खातं. 'रस्ता बंद दरड पडली' एवढं बसतं. कुठला रस्ता हे लिहायला जावं तर जागा संपते. शिवाय हातातल्या बहुतेक सेटांच्या पडद्यावर देवनागरी उमटतच नाही. म्हणून आम्ही मराठीच लिहितो, पण रोमन अक्षरांत, आणि गावांची छोटी नावं ठरवून घेतलीत. दुसरी अडचण अशी की बरेच आय-गेट नुसते ऐकणारे असतात. जंगलातल्याचा निरोप जगाला जातो, जगाचा जंगलात येत नाही. उत्तर द्यायचं तर ठाण्याला पाठवताही यायला हवं आणि परवानाधारक माणूस त्याला जबाबदार हवा. स्वस्तातला ऐकण्याचा डोंगल लावून थांबणारे पुष्कळ, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण संकटातल्या माणसाला पोच न मिळणं काय असतं ते त्यांनी एकदा घाटात उभं राहून बघावं.

हे सगळं बघून गावातल्या एका टोमॅटोच्या व्यापाऱ्याने मला गाठलं. त्याच्या पिकअप नारायणगावच्या बाजाराला जातात. म्हणाला, "भाऊ, माझ्या चारी गाड्यांना बसव की हे. सिमचा खर्च नाही ना? महिन्याला काय ते घे." मी नाही म्हटलं. त्याला वाटलं भाव वाढवतोय. समजावून सांगितलं, हॅमच्या सेटवरून धंद्याचं काम करायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत, गुप्त भाषेत पाठवायचं नाही, आणि परवाना नसलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत पाठवणारा सेट ठेवायचा नाही. "मग काय उपयोग तुझ्या अँटेनाचा?" असं म्हणून तो गेला. पुढे त्याने सिमवाले जीपीएस बसवले. नारायणगावच्या रस्त्याला मोबाइल सगळीकडे लागतो, त्यामुळे त्याचं काम उत्तम चाललंय आणि मीच त्याचे फ्यूज बदलून देतो. जिथे टॉवर आहे तिथे आमची गरज नाही, हे मान्य करायला हॅमना उगाच जड जातं.

पोरं आता लोरा या रेडिओ-तंत्राचं विचारतात. तंत्र चांगलं आहे, मिलिवॅटांत लांबवर जातं. पण युरोपातले हॅम एपीआरएससाठी ते वापरतात ४३३.७७५ मेगाहर्ट्झवर, आणि आपल्याकडे हॅमना त्या भागात मिळालेला पट्टा ४३४ ते ४३८चा. बाहेरून मागवलेला सेट तसाच चालू केला की तुम्ही हद्दीबाहेर. फ्रिक्वेन्सी बदलून घ्या, मग खुशाल खेळा.

हद्दीचं भान ठेवायला आमच्याकडे आणखी एक कारण आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या. माणसाने केलेला रेडिओचा गोंगाट इथे कमी, हे ती जागा निवडण्यामागचं एक कारण. तिच्या ऐकण्याच्या पट्ट्यांपैकी एक १५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे आमच्या अगदी लगतचा. तिथे ऐकू येतं ते दूरच्या दीर्घिकांचं. त्यापुढे माझे पाच वॅट म्हणजे कानाशी फोडलेला सुतळी बॉम्ब. म्हणून नारायणगावच्या बाजूला गेलो की मी सेट बंद ठेवतो. तसं कोणी सांगितलेलं नाही. त्याच तालुक्यात आर्वीला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी दळणवळणासाठी उपग्रहाचं भूकेंद्र उभं राहिलं, विक्रम साराभाईंच्या नावाचं. जगाशी आणि ताऱ्यांशी बोलणाऱ्या या पट्ट्यात असाण्याशी बोलायची सोय मात्र अजून व्हायचीय.

उपाय काय ते माहीत आहे. ऐकलेला निरोप पुन्हा हवेत सोडणारं ठाणं, त्याला डिजिपीटर म्हणतात, ते उंचावर हवं. असं एक ठाणं धरणाच्या पाण्यावरून दोन्ही बाजू बघू शकेल अशा जागी बसलं, तर माळीणच्या खोऱ्यातला निरोप तिथे आणि तिथून माझ्या गच्चीवर येईल. पण सगळ्यात चांगल्या उंच जागा अभयारण्यात. भीमाशंकर १९८५ साली अभयारण्य झालं ते शेकरूसाठी; तिथे आपण खांब रोवायचा नाही, आणि रोवूही नये. सध्या कोणी चालत जाणार असलं की मी सुट्टी काढून पोखरीच्या घाटमाथ्यावर गाडी लावतो, टपावर चुंबकाचा अँटेना, डिकीत बॅटरी. दिवसभर गाडीच डिजिपीटर. दुकान तेवढा वेळ बंद, आणि त्याबद्दल घरी काय ऐकावं लागतं ते सांगायला नको.

तर हे लिहिण्यामागचा मतलब असा. फुलवडे-बोरघरच्या बाजूला, किंवा पोखरी-तळेघरच्या पठारावर, ज्याचं स्वतःचं घर उंचावर आहे आणि घरात यंत्राची खोड असलेलं एखादं माणूस आहे, त्याने हॅमची परीक्षा द्यावी. इंग्रजीची भीती बाळगू नका. विजेचं साधं गणित, रेडिओचे नियम आणि थोडी चिकाटी एवढंच लागतं. खालच्या श्रेणीला मोर्सची कटकट नाही. पाच सळया, जाड केबल आणि अँटेना बांधायचा खर्च माझ्याकडे लागला. मुलींनी तर जरूर द्यावी, आमच्यात त्या फार कमी आहेत. परीक्षेला वयाची अट १२ वर्षं पूर्ण एवढीच आहे.